दोन्हीकडचा चहा

शांतिनाथ मगदूमांनी पान एकशे बारावरच्या ‘एक जवान’ या दोन शब्दांभोवती पेन्सिलीनं गोल काढला आणि समासात प्रश्नचिन्ह टाकलं. त्या प्रश्नचिन्हाकडं बघून त्यांना जरा बरं वाटलं. सकाळी प्रबंध हातात घेतल्यापासून बरं वाटायचं हे पहिलंच निमित्त.

प्रबंध चांगला होता. दुखणं तेच होतं. ‘आंतरराष्ट्रीय सुरक्षेत तटस्थ राष्ट्रांची बदलती भूमिका’, पानं दोनशे साठ, आणि लिहिणारा कोण, तर आकाराम बंडगर, वय चौपन्न, सेवानिवृत्त सुभेदार, राहणार सातारा, मूळ गाव जत तालुक्यात. मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातला हा माणूस सैन्यात गेला, सव्वीस वर्षं नोकरी केली, घरी आल्यावर बी.ए., एम.ए. झाला आणि आता पीएच.डी.च्या उंबऱ्यावर उभा होता. बाहेरचे परीक्षक म्हणून विद्यापीठानं सांगलीच्या प्रा. मगदूमांना नेमलं होतं, कारण या भागात तटस्थ राष्ट्रं म्हटलं की त्यांचंच नाव निघायचं. निदान आजवर तरी निघायचं.

मगदूम अठ्ठावीस वर्षं हा विषय शिकवत होते आणि तेवीस वर्षं त्यावर पुस्तक लिहीत होते. पुस्तक पुरं होत नव्हतं, यात त्यांचा दोष थोडा आणि देशांचा जास्त होता. स्वित्झर्लंडनं संयुक्त राष्ट्रसंघात जाऊन पहिला आराखडाच बिघडवून ठेवला होता. पुढं फिनलंडचं प्रकरण टंकून आलं, त्याच आठवड्यात फिनलंड लष्करी युतीत गेला. स्वीडनचं अडलंय असं वाचून त्यांनी स्वीडनवर मदार ठेवली, तर अकरा महिन्यांनी तोही गेला. जे जागचं हलणार नाही म्हणून यांनी विषय निवडला, तेच हलत राहिलं. आणि जतच्या या सुभेदारानं नेमकं ते हलणंच विषय म्हणून घेतलं होतं.

त्यातून ते चौथं प्रकरण. बंडगर पंचवीस वर्षांपूर्वी लेबनॉनमध्ये शांतिसेनेत होते. त्यांची चौकी दोन गावांच्या मध्ये. वरचं गाव आणि खालचं गाव एकमेकांचे हाडवैरी. दोन्ही गावांतून रोज सकाळी चौकीवर चहा यायचा. शेजारच्या पट्ट्यात फिनलंडची तुकडी होती. ते लोक कुणाचाच चहा घेत नसत, स्वतःची कॉफी स्वतः उकळून पीत. भारतीय जवान मात्र दोन्ही गावांचा चहा घेत. वरच्या गावाचा एक पेला घेतला की खालच्या गावाचाही एक. बंडगरांनी लिहिलं होतं, ‘तटस्थ दोन प्रकारचे असतात. कुणाचाच चहा न पिणारे आणि दोन्हीकडचा पिणारे.’

मगदूमांनी प्रबंध मिटला, परत उघडला. हाच फरक ते अठ्ठावीस वर्षं फळ्यावर रकाने आखून शिकवत होते. तटस्थता एका बाजूला, अलिप्ततावाद दुसऱ्या बाजूला, खाली सहा सहा मुद्दे. पोरं उतरवून घ्यायची आणि परीक्षेनंतर विसरायची. हे वाक्य मात्र एकदा वाचलं की डोक्यातून जाईना. ते आपल्याला का सुचलं नाही, या विचारानं त्यांच्या पोटात अक्षरशः दुखायला लागलं.

पुढं तो जवान आला होता. एका सणाच्या दिवशी ‘एक जवान’ वरच्या गावाचा चहा प्यायला आणि खालच्या गावाचा राहिला. खालच्या गावानं चौकीवरून जाणारा रस्ता तीन दिवस अडवून धरला. त्यात एका अडलेल्या बाळंतिणीला डोंगरावरून न्यावं लागलं. एवढीच हकिगत, आठ ओळींची. खाली तळटीप नाही, संदर्भ नाही. एवढ्या मोठ्या भिंतीत एक वीट हलती सापडली आणि मगदूमांनी तीवर बोट ठेवलं.

“चांगलं लिवलंय व्हय रं त्यानं?” आतून त्यांच्या आईनं, चंपाबाईंनी विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या आणि लेकाचं तोंड त्यांना दारातून दिसत होतं.

“बरं आहे.”

“बरं आसंल तर आनंद व्हावा की. तोंड कशापायी पाडलंयस?”

चंपाबाई रोज सकाळी जैनांच्या चार भावना म्हणत. सगळ्या जिवांशी मैत्री, गुणी माणूस दिसला की आनंद, दुःखी दिसला की करुणा, आणि वाकडं वागणारा भेटला की मध्यस्थपणा, म्हणजे ना लोभ ना राग. लहानपणी शांतिनाथांनी चारी पाठ केल्या होत्या. मोठेपणी त्यांनी चौथी तेवढी उचलली आणि तिच्यावर प्राध्यापकी केली. दुसऱ्या भावनेकडं त्यांचं फारसं लक्ष गेलं नव्हतं.

त्यांनी अहवालाचा नमुना पुढं ओढला. पदवी द्यावी काय? द्यावी, असं त्यांनी लिहिलं. द्यावी न लिहायला काही जागाच नव्हती. मग शंका म्हणून त्या जवानाचा प्रश्न लिहिला. शेवटी एक रकाना होता. प्रबंध प्रकाशनयोग्य आहे काय? या रकान्याला कुणी विचारत नाही. सगळे परीक्षक सवयीनं ‘होय’ लिहितात. मगदूमांची नजर कपाटाकडं गेली. तिथं त्यांच्या पुस्तकाची बाडं फडक्यात बांधून ठेवलेली होती. त्यांनी रकान्यात स्वच्छ अक्षरात ‘नाही’ लिहिलं. असं लिहिताना त्यांना लाज वाटली आणि लिहून झाल्यावर हलकं वाटलं. दोन्ही खरं होतं.

मौखिकीच्या दिवशी ते सहाच्या एसटीनं साताऱ्याला निघाले. रोज कॉलेजला जाताना त्यांच्या पिशवीत घरच्या चहाचा थर्मास असे. कॉलेजात दोन गट होते आणि दोन्ही गटांच्या चहाच्या वेळा, टेबलं, इतकंच काय कपही वेगळे. मगदूम कुणाच्याच टेबलाला जात नसत. अठ्ठावीस वर्षं आपला थर्मास, आपला कप. आज मात्र थर्मास घरीच ठेवला होता. पीएच.डी.चा उमेदवार परीक्षकाला उपाशी ठेवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. स्टँडवर गाडी, आल्याबरोबर चहा-पोहे, निकालानंतर शाल, फेटा आणि कंदी पेढ्यांचा पुडा, असा सगळा बेत ठरलेला असतो.

मलकापूर गेलं, कराड गेलं. मगदूम खिडकीशी बसून आपला प्रश्न घोटत होते. ‘संशोधनात असा निनावी माणूस चालत नाही.’ नको, जास्त कडक होतंय. ‘संशोधनात पुराव्याशिवाय पाऊल टाकता येत नाही.’ हे बरं. त्यावर बंडगर गडबडेल, कागद चाळेल, पाणी मागेल. पुढचं त्यांनी मुद्दाम मनात आणलं नाही, पण ते आपोआप येत होतं आणि गोड लागत होतं.

साताऱ्याच्या स्टँडवर गाडी नव्हती. बंडगरांचे मार्गदर्शक डॉ. वीरधवल जाधव एकटेच रिक्षा घेऊन उभे होते. कॉलेजात पोचल्यावर समोर पाण्याचा पेला आला. चहा आला नाही. दहा वाजले, साडेदहा वाजले. मगदूमांचं डोकं ठणकायला लागलं.

जाधव खुर्चीच्या कडेवर बसून चुळबुळत होते.

“सर, जरा अवघड झालंय,” ते शेवटी म्हणाले. “चहा तयार आहे. खाली किटली भरून ठेवलीय. पण बंडगर ऐकत नाहीत. म्हणतात, निकालावर सही होईपर्यंत परीक्षकांना आमच्याकडचा चहा द्यायचा नाही. मी कॉलेजचा मागवतो म्हटलं, तर म्हणतात, कॉलेजबी आमचीच बाजू की.”

“बरोबर आहे त्यांचं,” मगदूम म्हणाले आणि मनात म्हणाले, काय हा दिखाऊपणा. दिखाऊपणाच असावा, अशी त्यांची फार इच्छा होती.

सभागृहात तीसेक माणसं होती. पुढच्या रांगेत बंडगरांच्या पत्नी धोंडुबाई इरकली लुगडं नेसून ताठ बसल्या होत्या. शेजारी मुलगी अपेक्षा. तिनंच सगळा प्रबंध टाइप केला होता. मागं काही निवृत्त फौजी आणि एम.ए.ची पोरं. आकाराम बंडगर उभे राहिले. उंच, सडसडीत, केस बारीक कापलेले. सुरुवातीला ते पुस्तकी मराठीत बोलले आणि बोलताना त्यांची मान आखडली. पाचएक मिनिटांनी त्यांनी हातातले कागद खाली ठेवले आणि मान सुटली.

“आमी ल्हानपणी मेंढरं घिऊन गावोगाव हिंडायचो,” ते म्हणाले. “मेंढरं ज्याच्या रानात बसवली त्याच्या रानाला खत, आन त्याच्या घरची आमाला भाकरी. पर दोन भावांचं पटत नसलं तर? तर आमचा आजा एक रात ह्याच्या रानात मेंढरं बसवायचा, एक रात त्याच्या. भाकरीबी दोन्ही घरची खायचा. म्हणायचा, आपल्याला पुढल्या वरसी ह्याच वाटंनं यायचं हाय. लेबनॉनात चहा आला तवा मला त्योच आठवला. पुस्तक नंतर वाचलं.”

माणसं हसली. मगदूमांनी कागदावर काही तरी लिहिल्यासारखं केलं. पुस्तक नंतर वाचलं. त्यांनी स्वतः फक्त पुस्तकंच वाचली होती, आधीही आणि नंतरही.

मागच्या रांगेतून एक मुलगी उठली.

“सर, मग फिनलंडनं तटस्थता सोडली ते चुकलं का?”

बंडगर तिच्याकडं वळले. “चुकलं म्हणवत न्हाई. माझा दोस्त हाय तिकडं, युहानी. आमी बरोबर हुतो. अजून फोनवर मेसेज करतोय. त्यो म्हणाला, आमी इतकी वरसं कुणाचा चहा घ्येतला न्हाई. मग एका शेजाऱ्यानं दुसऱ्याच्या घरात घुसून जाळपोळ केली, तवा आमाला कळलं, मधल्या माणसाला पाठीमागं भिंत नसती. भ्यालं ते, आन एका घरात ऱ्हायला ग्येलं. भ्यालेल्या माणसाला मी काय नावं ठिवू?”

“आणि आपला देश?”

“आपुन अजून दोन्हीकडचा पितोय. पर पूर्वी दोन्हीकडनं चहा आला म्हंजी त्यो मान हुता. आता दोगंबी जाब इचारत्यात, त्याच्याकडचा पिऊन आलास न्हवं? मधी उभं ऱ्हायाला आता पूर्वीपरास लय ताकद लागती. पूर्वी नुसतं उभं ऱ्हायलं तरी चालायचं. माझ्या शेवटच्या प्रकरणात येवढंच हाय.”

टाळ्या पडल्या. मगदूमांनाही दोन वाजवाव्या लागल्या. त्यांच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण अजून लिहायचं होतं, आणि ते कसं लिहावं हे त्यांना या क्षणी, दुसऱ्याच्या तोंडून कळलं होतं. यापेक्षा तो माणूस चुकीचं बोलला असता तर किती बरं झालं असतं. त्यांनी घसा खाकरला.

“बंडगर, पान एकशे बारा. तुमचा एक जवान वरच्या गावाचा चहा पितो, त्यातून रस्ता बंद होतो, आणि त्या प्रसंगावर तुम्ही अख्खा निष्कर्ष उभा करता. त्याचं नाव नाही, मुलाखत नाही, तळटीप नाही. संशोधनात पुराव्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. कोण हा जवान?”

बंडगरांनी कागद चाळले नाहीत. पाणीही मागितलं नाही. त्यांनी चष्मा काढून खिशात घातला.

“मीच त्यो, सर.”



“ईदचा दिस हुता. वरच्या गावाचा एक म्हातारा रोज चहा आणायचा. त्या दिशी मला घरी घिऊन ग्येला, बसवलं, मेलेल्या ल्येकाचा फोटू दाखवला. मला उठवंना. तिकडं खालच्या गावाचा माणूस चहा घिऊन चौकीवर आला, थांबला आन परत ग्येला. मला वरनं दिसत हुता. उतरलो न्हाई. दहा मिंटांची गोष्ट. ती बाई डोंगरावरच बाळंत झाली. पोरगी झाली. दोगीबी वाचल्या. पर वाचल्या त्या त्यांच्या नशिबानं, माझ्या न्हवं.”

धोंडुबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. पंचवीस वर्षांत हे त्यांनीही ऐकलं नव्हतं, हे त्यांच्या पाहण्यावरून सगळ्यांना कळलं.

“मग तसं लिहिलं का नाहीत?” मगदूमांनी विचारलं. त्यांचा आवाज अजून परीक्षकाचाच होता.

“संशोधकानं तटस्थ ऱ्हायाचं, ‘मी’ लिवायचं न्हाई, आसं शिकवलंय. म्हणून ‘एक जवान’ लिवलं. खरं सांगायचं तर त्याच्या आड लपलो.”

हे ऐकून मगदूमांना काय वाटलं ते त्यांनी नंतर कुणाला सांगितलं नसतं. त्यांना दया आली नाही, राग आला नाही. त्यांना हेवा वाटला, आणि मघापेक्षा जास्त वाटला. या माणसाकडं निदान एक चूक होती. हा एका म्हाताऱ्याच्या घरात बसला, उठवेना म्हणून बसून राहिला, आणि त्याची टोचणी त्यानं पंचवीस वर्षं बाळगली. मगदूमांना एकदा व्हिएन्नाला जायची संधी आली होती, सहा महिन्यांसाठी, तटस्थ राष्ट्रांवरच अभ्यास करायला. रजेचा अर्ज एका गटाच्या माणसाकडून पुढं जायचा होता. त्याच्याकडं गेलो तर दुसऱ्या गटाला काय वाटेल, म्हणून ते गेले नाहीत. कुणाचा चहा प्यायले नाहीत, म्हणून कुणाचा रस्ताही अडला नाही. कुणाला ते मधे उभे आहेत हेच कळलं नसावं.

“माझे प्रश्न संपले,” ते म्हणाले.

लोक बाहेर गेले. आत मगदूम, जाधव आणि टेबलावर संयुक्त अहवालाचा कागद. बंडगर आपली कागदपत्रं गोळा करायला मागं राहिले होते. जाता जाता ते टेबलापाशी थांबले.

“सर, एक बोलू? अजून सही व्हायची हाय, बोलू न्हाई खरं तर. पर निकालाचं न्हाई बोलत.”

“बोला.”

“दुसऱ्या परीक्षकांचा अहवाल बी मला दिला वाचायला. त्यांनी लय गोड लिवलंय. तुमी त्येवढा सवाल काढला. माझ्या पोरीनं टाइप केलं, जाधव सरांनी चार डाव वाचलं, कुणाला त्यो जवान खटकला न्हाई. तुमालाच खटकला. आन खाली लिवलंत, छापायजोगं न्हाई. वाचलं तवा वाईट वाटलं. रातभर झोप न्हाई. मग म्हटलं, बरोबरच हाय की. लपवून लिवलेलं छापू न्हाई. ना माझी ओळख, ना माझा राग, ना लोभ, आन नेमकं तिथंच बोट ठिवलं.” त्यांनी कागदांचा गठ्ठा छातीशी धरला. “सर, आमाला चौकीवर तुमच्यासारखा माणूस पायजे हुता. इतका तटस्थ माणूस मी बघितला न्हाई.”

ते सावधान उभे राहिल्यासारखे क्षणभर उभे राहिले आणि दाराकडं वळले.

जाधवांनी कागद मगदूमांपुढं सरकवला. “पदवी द्यावी, इथं सही. आणि हा प्रकाशनाचा रकाना. तुम्ही आधी ‘नाही’ लिहिलंय, तर इथंही तेच लिहावं लागेल. नाहीतर बदलायचं असेल तर...”

मगदूमांनी पेन उघडलं. ‘द्यावी’पुढं सही केली. मग पेनाचं टोक रकान्यावर आलं आणि तिथं थांबलं. ‘नाही’ लिहावं, तर ते का लिहिलं हे त्यांना माहीत होतं. ‘होय’ लिहावं, तर आता या स्तुतीच्या भरात लिहिल्यासारखं होणार होतं, आणि दाराकडं निघालेला तो माणूस या दोन्हींना निःपक्षपातीपणाच म्हणणार होता. तेच त्यांना सोसवेना.

“बंडगर,” त्यांनी हाक मारली.

बंडगर दारातून वळले.

“तुमच्या किटलीतला चहा आणा. एक कप.”

“आणतो की सर. सही झाली का सगळी?”

“नाही. एक रकाना राहिलाय.”

“मग थांबू या की. पाच मिंटाचाच प्रश्न हाय.”

“आत्ता आणा,” मगदूम म्हणाले.

बंडगरांनी जाधवांकडं पाहिलं. जाधवांनी खांदे उडवले. बंडगर खाली गेले आणि स्वतः किटली घेऊन वर आले. कप भरला. चहा आल्याचा होता, दाट आणि फार गोड. मगदूमांनी बशी नको म्हटली. कप दोन्ही हातांत धरून ते सावकाश प्यायले, अगदी तळाशी चोथा राहीपर्यंत. बंडगर अस्वस्थ होऊन भिंतीशी उभे होते. मगदूमांच्या डोक्याचा ठणका मात्र हळूहळू उतरत होता.

कप खाली ठेवून त्यांनी अहवालाचा कागद जाधवांकडं परत ढकलला आणि पेनही त्यावर ठेवलं.

“हा रकाना तुम्ही भरा,” ते म्हणाले. “मी एका बाजूचा चहा प्यालोय.”

जाधव हसायला लागले, पण मगदूम हसत नाहीत असं बघून थांबले. मग त्यांनी रकान्यात काही तरी लिहिलं. मगदूमांनी तिकडं पाहिलं नाही.

बंडगर पाहत होते, पण कागदाकडं नव्हे. चौकीवर माणूस आला की आधी त्याच्या तोंडाकडं बघायचं, कागद नंतर, ही त्यांची जुनी सवय होती. त्यांनी मगदूमांच्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. मग ते पुढं आले, मगदूमांचा रिकामा कप उचलला आणि परत भरला.